कानात कापूस

भुंकणारा कुत्रा चावत नाही, असं आपल्याकडे सांगतात. ज्यानं कुणी ही म्हण केली त्याला कुत्रं चावलेलं नसावं, किंवा चावलं असलं तर त्या कुत्र्यानं ही म्हण ऐकलेली नसावी. आमच्या घरी जो कुत्रा आला त्यानं ती ऐकली नव्हती, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. कारण त्यानं जन्मात काहीच ऐकलं नव्हतं. पण एवढी साधी गोष्ट आम्हाला कळायला तीन आठवडे, दोन चावे आणि माझी एक पोटरी खर्ची पडली.

तो आला श्रावणातल्या भर पावसात. कन्या ऑफिसातून रिक्षानं आली ती त्याला घेऊनच. रिक्षावाल्यानं मीटरपेक्षा पन्नास रुपये जास्त घेतले. त्यातले पंचवीस कुत्र्याचे आणि पंचवीस भीतीचे. एका बंद बंगल्याच्या फाटकाला कुणीतरी त्याला बांधून गेलं होतं. किती दिवस झाले होते देव जाणे, पण दोरी गळ्यात रुतून जखम झाली होती.

"बाबा, फक्त दोन दिवस," कन्या म्हणाली.

दोन दिवसांसाठी आलेली वस्तू आमच्या घरात किती राहते याचा मला अनुभव आहे. शेजाऱ्यांचा लाकडी पाट असाच २००३ साली दोन दिवसांसाठी आला. शेजारी घर बदलून गेले, पाट आहे.

ती संध्याकाळ नाव ठेवण्यात गेली. कुत्रा पांढराशुभ्र, नाक गुलाबी, एक डोळा तपकिरी आणि दुसरा निळा. सर्वानुमते 'कापूस' ठरलं. सगळ्यांनी आळीपाळीनं हाक मारून पाहिली. त्यानं मान वळवली नाही.

"नवीन नाव आहे, होईल सवय," सौ. म्हणाली. लग्नात तिचंही नाव बदललं होतं, त्यामुळं या विषयातला तिचा अधिकार मी मानतो.

सवय काही झाली नाही. झालं ते वेगळंच. हा प्राणी दिवसभर भिंतीला पाठ लावून बसे आणि सगळ्यांच्या तोंडाकडे टकमक बघे. समोरून गेलात तर गरीब गाय. मागून गेलात तर वाघ. पहिला चावा सोसायटीच्या सेक्रेटरींच्या पायजम्याला. ते जिन्यात मागून आले होते. "पायजमा चौथा आहे या वर्षातला," ते म्हणाले. आधीचे तीन कुणी फाडले ते विचारायचं राहून गेलं. दुसरा चावा माझ्या पोटरीला. रात्री खिडकी लावायला उठलो, अंधारात झोपलेल्या कापसाला पाय लागला, आणि पुढचं मला पायानंच कळलं.

कुत्रा चावला म्हटल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो. "पोटात चौदा इंजेक्शनं ना हो?" अहो, तो काळ गेला! आता जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, आणि इंजेक्शनं दंडात घ्यायची. ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. शिवाय जखमेपाशी टोचायचं आणखी एक औषध. अपराध पोटरीचा आणि दंड दंडाला, हा न्याय तेवढा मला समजला नाही.

सेक्रेटरींचा कागद आला. भाषा सभ्य होती, अर्थ नव्हता. एक महिन्यात कुत्रा सुधारा किंवा हलवा. कन्येनं लगेच मोबाईलवर शोधून, सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही, असं मोठ्यांदा वाचून दाखवलं. मी तिला समजावलं, की कायदा आपल्या बाजूचा असला तरी लिफ्टची चावी सेक्रेटरींकडे असते. खरं सांगायचं तर मलाही तो जायला हवा होता. पोटरी दुखत असताना भूतदया सुचत नाही.

आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, वय वर्षं शहाऐंशी. ते या सगळ्या चर्चेत नव्हते, कारण ते कुठल्याच चर्चेत नसतात. त्यांना ऐकू कमी येतं. कानाचं मशीन आहे, पण ते टेबलाच्या खणात असतं. अप्पा म्हणतात, मशीन घातलं की माणसं ऐकू येत नाहीत, कुकर ऐकू येतो. स्वभाव तापट. खोलीत जाऊन चादर बदलायला घेतली तरी एकदम ओरडतात. "वयोमानानं चिडचिड वाढली," असं आम्ही त्यांच्यासमोरच एकमेकांना सांगत असू. ऐकू येत नाही त्यांना, मग काय हरकत?

त्या रविवारी अप्पा खुर्चीत बसले होते आणि समोर कापूस बसला होता. दोघं एकमेकांकडे बघत होते. बराच वेळ बघत होते. मग अप्पा म्हणाले, "अरे, याला ऐकू येत नाही."

"काहीतरीच काय अप्पा! कुत्र्याचे कान ते!"

"माझ्यासारखा बघतो तो. तोंडाकडे."

घरात चाचण्या सुरू झाल्या. सौ.नं मागून स्टीलचं ताट आपटलं, कापूस ताडकन वळला. "बघा, ऐकतोय!" पण मग कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि याचा कान हलला नाही. ज्या शिट्टीनं खालच्या मजल्यावरचा भात उतरवला जातो ती शिट्टी! ताट त्याला ऐकू आलं नव्हतं. फरशी थरथरली ती त्याच्या पंजांना कळली होती.

कुत्र्यांच्या डॉक्टरांनी अप्पांचं निदान कायम केलं. केसांना रंग देणाऱ्या ज्या पेशी असतात त्याच आतल्या कानातही लागतात. तिथं त्या पोचल्या नाहीत तर जन्मानंतर काही आठवड्यांतच ऐकण्याची यंत्रणा मरते. सगळी पांढरी कुत्री काही बहिरी नसतात, पण त्यांच्यात हे जास्त सापडतं. अमेरिकेत डाल्मेशियन कुत्री तपासली तेव्हा शंभरातली सुमारे तीस एका किंवा दोन्ही कानांनी बहिरी निघाली म्हणे. आम्ही रंगावरून नाव ठेवलं होतं 'कापूस', आणि तो होता कानात!

"आणि चावतो तो?" मी विचारलं.

"तुम्ही गाढ झोपलेले असताना कुणी काही न बोलता अंगावर पाय दिला तर काय कराल?"

चावलो नसतो. पण जे बोललो असतो ते इथं छापता आलं नसतं.

मग सुरू झाली शाळा. बाहेर जाताना तोंडाला जाळी. साखळी कधीच सोडायची नाही, कारण मागून येणारी मोटर त्याला कळणार नाही. हाका बंद, खुणा सुरू. तळहात खाली म्हणजे बस. अंधारात बोलवायचं तर टॉर्चचा उजेड दोनदा जमिनीवर. आणि 'शाबास' म्हणजे अंगठा वर, आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. आता आपल्या मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. पन्नास वर्षं लोकांनी मला अंगठा दाखवला तो त्या अर्थानं. पण कापसाला मराठी येत नसल्यामुळं अडचण आली नाही.

सगळ्यात अवघड धडा होता दचकण्याचा. तो झोपलेला असताना जवळ जायचं ते पाय आपटत, म्हणजे जमीन सांगेल. मग नाकाशी हात धरायचा, म्हणजे वास सांगेल. मग हलकेच खांद्याला बोट, आणि डोळे उघडायच्या आत तुकडा. असं दिवसातून वीस वेळा. उद्देश एवढाच, की अंगाला अचानक काही लागलं म्हणजे संकट नव्हे, खाऊ, हे त्याच्या डोक्यात बसावं. पहिल्या आठवड्यात तो गुरगुरतच जागा व्हायचा. दुसऱ्या आठवड्यात गुरगुरणं अर्ध्यावर सोडून खाऊ लागला. तिसऱ्या आठवड्यात बोट लागलं की डोळे मिटलेलेच, आणि तोंड उघडं.

एकदा हा कार्यक्रम चालू असताना अप्पा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "तो चिडका नाही रे. दचकतो. दचकलो असं प्रत्येकाला सांगता येत नाही, म्हणून माणूस ओरडतो."

अप्पा 'माणूस' म्हणाले. चूक त्यांच्या लक्षात आली नाही. मीही दुरुस्त केली नाही. त्या कुत्र्याशी तीन आठवडे मी ज्या अदबीनं वागत होतो, तसा त्यांच्या खोलीत दहा वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. मागून जायचं, चादर ओढायची, आणि ते ओरडले की वयोमान!

महिना संपला. सेक्रेटरी पाहणीला आले, नवा पायजमा घालून. कापसानं त्यांचा हात हुंगला आणि तळहात दिसताच खाली बसला. सेक्रेटरी इतके खूष झाले की त्यांनी नकळत अंगठा वर केला. कापूस आशेनं त्यांच्या हाताकडे बघत राहिला. दुसऱ्या हाताकडे बघितलं. खिशाकडे बघितलं. काहीच आलं नाही. अंगठ्याचा अस्सल मराठी अर्थ त्याला त्या दिवशी कळला.

पण तो राहिला. सगळं सुधारलं असं नाही. उघडलेली छत्री अजून त्याला शत्रू वाटते, आणि पाहुण्यांना आम्ही आधी बूट काढायला नाही, समोरून यायला सांगतो. ढोलताशाची मिरवणूक गेली की ढोल त्याच्या पोटात वाजतात, मग तो अप्पांच्या खाटेखाली जातो. दिवाळीत मात्र सगळ्या गल्लीतली कुत्री फटाक्यांनी सैरावैरा धावत होती तेव्हा आमच्या घरात दोघं जण गाढ झोपले होते. एक खाटेवर, एक खाटेखाली.

अप्पांच्या खोलीत आता मी एकदम शिरत नाही. दारात थांबतो. दिवा दोनदा लावतो, विझवतो. मग समोर जाऊन उभा राहतो. पहिल्या दिवशी मी असं केलं तेव्हा अप्पांनी पुस्तकातून मान वर केली, माझ्याकडे बराच वेळ बघितलं, आणि हात पुढं करून म्हणाले,

"दिवा लावलास. मग, खाऊ कुठंय?"