आई, तू रडणार नसशील तर सांगतो

बंगलोरच्या व्हाइटफील्डमध्ये येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. मी मूळची सांगलीची. मुलगा दहावीत असताना त्याचा गुडघा दुखायला लागला. फुटबॉल खेळताना लागलं असेल म्हणून महिनाभर मलम चोळलं. रात्री झोपेतून उठून तो पाय धरून बसायला लागला, तेव्हा एक्स-रे काढला, मग बायोप्सी केली. ऑस्टिओसार्कोमा निघाला, म्हणजे हाडाचा कॅन्सर. वाढीच्या वयातल्या मुलांना तो होतो आणि बहुतेकदा गुडघ्याच्या आसपासच होतो, हे तेव्हा कळलं.

आधी केमोथेरपी, मग ऑपरेशन, नंतर पुन्हा केमोथेरपी. सुदैवाने पाय वाचला. गाठ असलेला हाडाचा भाग काढून तिथे धातूचा सांधा बसवला. तो पहिल्यांदा काठी न घेता चालला, त्या दिवशी शेजारच्या कन्नड आजी "पुट्टा, पुट्टा" म्हणत त्याची दृष्ट काढायला धावत आल्या. मला वाटलं, संपलं एकदाचं.

पण काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. ते म्हणाले, "हा आजार परत येण्याचा धोका कशावर ठरतो, ते समजून घ्या. निदानाच्या वेळी तो फुप्फुसात पोचला होता का? गाठ किती मोठी होती, कुठे होती? पाठीचा कणा किंवा कमरेच्या हाडातली गाठ पूर्ण काढणं अवघड असतं. काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सरच्या पेशी राहिल्या का? आणि आधीच्या केमोने गाठीतल्या किती पेशी मेल्या?"

आमच्या मुलाच्या फुप्फुसात काही नव्हतं, कडाही स्वच्छ होत्या. पण केमोने ९० टक्क्यांहून जास्त पेशी मेल्या, तर प्रतिसाद चांगला समजतात. याच्या मेल्या होत्या ८०. म्हणजे धोका थोडा जास्त. परत आला तर बहुधा फुप्फुसात, आणि तोही बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत.

मी विचारलं, "फुटबॉलमुळे झालं का हो? की माझ्या मलमामुळे?" डॉक्टर म्हणाले, "मार लागल्याने हा कॅन्सर होत नाही. मार लागतो, म्हणून त्या जागेकडे लक्ष जातं, इतकंच. आणि हे ८० टक्के तुमच्या स्वयंपाकावर किंवा त्याच्या वागण्यावर ठरलेले नाहीत. स्वतःला दोष देत बसू नका, तपासणीच्या तारखा पाळा."

तारखा मी पाळल्या. पण कशा? तपासणीच्या आदल्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. एक्स-रेच्या खोलीबाहेर मी पदर तोंडाला लावून बसायची. तो बाहेर आला की आधी माझ्याच तोंडाकडे बघायचा.

ऑपरेशनला दीड वर्ष झालं होतं. एका संध्याकाळी तो जिना उतरताना कठडा धरून उतरतोय, असं दिसलं. खोदून खोदून विचारलं, तेव्हा म्हणाला, "आई, तू रडणार नसशील तर सांगतो. व्रणाच्या खाली गाठीसारखं लागतंय. तीन आठवडे झाले."

तीन आठवडे! माझं पोर अंधारात एकट्याने ती गाठ चाचपत होतं आणि माझ्या रडण्याच्या धास्तीने गप्प बसलं होतं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दवाखाना गाठला. सोनोग्राफी झाली, सुईने नमुना घेतला. रिपोर्ट येईपर्यंतचे चार दिवस कसे गेले, ते लिहिण्याजोगे नाहीत. कॅन्सर नव्हता. टाक्यांच्या जागी जाड झालेलं मांस होतं.

डॉक्टर त्याला रागावले नाहीत. उलट त्यांनी मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलचा एक अभ्यास सांगितला. हातापायांच्या सार्कोमाचं ऑपरेशन झालेल्या ५०० रुग्णांचा. २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. छातीच्या साध्या एक्स-रेवर नजर ठेवलेले रुग्ण महागड्या सीटी स्कॅनवाल्यांपेक्षा मागे पडले नाहीत. आणि ऑपरेशनच्या जागी परत आलेल्या गाठी बहुतेक वेळा रुग्णांनी स्वतःच ओळखल्या होत्या. "म्हणजे सगळ्यात चांगलं यंत्र तूच आहेस," डॉक्टर त्याला म्हणाले. "फक्त ते गप्प राहता कामा नये." फुप्फुसात थोड्याच गाठी असल्या, तर त्या ऑपरेशनने काढता येतात आणि काही रुग्ण त्यातूनही पूर्ण बरे होतात, हेही त्यांनी सांगितलं.

त्या यंत्राला गप्प कोणी केलं होतं, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

आता दर रविवारी आंघोळीनंतर तो स्वतः पाय चाचपतो आणि मला सांगतो. नवी सूज, रात्रीचं दुखणं, न थांबणारा खोकला, काहीही असलं तरी त्याच दिवशी बोलायचं, असा आमचा करार आहे. माझ्या बाजूची अट एवढीच, की ऐकताना हातातलं काम सोडायचं नाही. पोळी लाटत असेन तर लाटतच ऐकायचं.

आता तीन वर्षं पुरी होतील. धोका कमी झालाय, संपलेला नाही. पुढच्या महिन्यात तपासणी आहे. कडुगोडीहून मेट्रोने जाऊ, येताना डोसा खाऊ. मैत्रिणींनो, तुमच्या घरी असं लेकरू असेल, तर रिपोर्टमधले आकडे जरूर समजून घ्या, तारखा पाळा. पण त्याला "दुखतंय" म्हणता येईल, असा आपला चेहराही ठेवा. मला ते शिकायला दीड वर्ष लागलं.