चिकूखालचा पाचोळा

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मूळच्या नंदुरबारच्या. रोज सकाळी त्यांचा एकच प्रश्न, "भाऊ, आज तरी मागचं झाडू का?" आणि माझं एकच उत्तर, चिकूखालचं राहू द्या. मे महिना सरत आला की सुरतेतल्या अडाजणच्या या रो-हाउसमागे दोन चिकू आणि एका आंब्याखाली पाचोळ्याचा थर साचतो. शेजारी नाक मुरडतात. मुरडोत.

पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये मी 28 वर्षं शेड जुळवल्या. पार्टीनं पाठवलेली चिंधी लाइट बॉक्समध्ये ठेवायची, शेजारी आपला तुकडा, आणि एकेक दिवा बदलत फरक शोधायचा. ट्यूबलाइटखाली सख्ख्या बहिणी वाटणाऱ्या शेड उन्हात एकमेकींना ओळखही देत नाहीत. त्यामुळे रंगाच्या बाबतीत मी स्वतःला जरा शहाणा समजत होतो. नवरंग नावाच्या पक्ष्यानं तो माज उतरवला.

पहिल्या वर्षी नुसती शीळ ऐकू आली. दोन सुरांची, स्वच्छ, पहाटे सहाच्या सुमाराला आणि पुन्हा दिवेलागणीला. तमिळमध्ये या पक्ष्याला 'आरुमणी कुरुवी' म्हणतात, म्हणजे सहा वाजताचा पक्षी. मी मान वर करून आंब्याचा शेंडा न शेंडा चाळला. इतका भडक पक्षी लपेल कुठे? तीन दिवसांत मान तेवढी अवघडली.

चौथ्या दिवशी ओट्यावर चहा पीत बसलो होतो. दुर्बीण घरात होती. पाचोळ्यात खर्र झालं, थांबलं, पुन्हा खर्र. त्यानंतर मला पाचोळा ऐकायची सवय लागली. सातभाई आले की लग्नघरासारखा कालवा होतो. मुंगूस सलग सरकतं. सरड्याची सळसळ एकदाच होते आणि संपते. नवरंगाचं वेगळं: दोन उड्या, शांतता, मग एक पान उलटल्याचा आवाज. पानाखाली किडा, गांडूळ असतं. पाचोळा झाडून टाकला तर त्याच्यासाठी ती जागा फरशीसारखीच.

आवाजाच्या दिशेनं पाहिलं, तरी काही दिसेना. पाठ हिरवी, पोट फिकट पिवळट, डोळ्यावरून जाड काळा पट्टा. चिकूच्या सावलीत सगळं विरून गेलेलं. मग त्यानं आखूड शेपूट हळूच खाली-वर केलं, वळला, आणि शेपटाखालचा लाल दिसला. खांद्यावरचा निळा त्यानंतर. एवढासा, साळुंकीपेक्षाही लहान पक्षी, आणि सगळा भारी माल असा आत ठेवलेला.

लिनियसनं 1766 मध्ये याची नोंद केली ती कावळ्यांच्या गणात. एवढ्या रंगीत जिवाला कावळा म्हणायला मोठं धाडस लागतं! 'पिटा' हे आजचं गणनाम मात्र तेलुगूतलं. पिट्ट म्हणजे छोटा पक्षी. हिवाळा दक्षिण भारतात, श्रीलंकेत काढायचा आणि पावसाच्या तोंडावर उत्तरेकडे यायचं, असा याचा शिरस्ता. घरटी डांग, गीरसारख्या जंगलांत. प्रवास रात्रीचा, त्यामुळे दमलेला पक्षी पहाटे कुणाच्याही बागेत उतरतो. माझ्याकडचा मुक्काम दोन दिवसांचा, कधी एकाच सकाळचा. त्याच्यामागे कॅमेरा घेऊन धावणाऱ्यांचा मला राग येतो. थकल्या पाहुण्याला जेवू तरी द्यावं.

गेल्या जूनमध्ये तो गेल्यावर पाचोळ्यात एक इवलंसं निळं पीस मिळालं. हा निळा पॉलिएस्टरवर कुठल्या डायनं येईल, हा हिशेब डोक्यात आपोआप सुरू झाला. खरं तर त्या पिसात निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या सूक्ष्म रचनेवरून विखुरलेला प्रकाश आपल्याला निळा दिसतो. हे वाचून ठाऊक होतं. तरी पीस उचलून सूर्यासमोर धरलं. प्रकाश मागून आला तशी निळाई गेली, राहिला एक मळकट तपकिरी तुकडा. पाठ उन्हाकडे करून पुन्हा पाहिलं. निळा परत हजर.

बराच वेळ मी ते असं उलटसुलट करत राहिलो. मावशी झाडू घेऊन दारात उभ्या होत्या. पीस होतं तिथे ठेवून त्यावर चिकूचं एक पान सरकवलं आणि म्हटलं, "पुढचं अंगण झाडा."