बारा फुटांतली तिरंदाजी

परळच्या चाळीतल्या आमच्या खोलीत लोखंडी खाट घडी करून भिंतीला लावली आणि शिलाई मशीन कोपऱ्यात सरकवलं, की दारापासून मोरीच्या भिंतीपर्यंत बारा फूट मोकळे मिळतात. ऑलिंपिकमधला तिरंदाज सत्तर मीटरवरून बाण सोडतो. बांबूच्या धनुष्यानं खेळायच्या ‘इंडियन राउंड’मध्येही तीस मीटरचा टप्पा असतोच. तेव्हा बारा फुटांत धनुर्विद्या म्हटलं की ऐकणाऱ्याला तो पोरखेळ वाटतो. मला ही जागा पुरते, आणि नुसती पुरते असं नाही, काही बाबतींत ती मैदानापेक्षा सरस आहे असं माझं मत आहे. धनुर्धराचं सगळं काम त्याच्या दोन खांद्यांच्या मध्ये होतं. बाण सुटला की ते संपलेलं असतं. पुढचे सत्तर मीटर बाणाचे.

गिरगावापासून दादरपर्यंतचा हा पट्टा तसा कसरतीवर वाढलेला. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात १९२५पासून मल्लखांब घुमतो आहे. गिरणगावात पाळी संपवून आलेली माणसं व्यायामशाळेत जोर-बैठका काढायची, लाल मातीत उतरायची. धनुष्यबाणही इथं डोळ्यांच्या सवयीचा: निवडणुकीत भिंतींवर, गणपतीच्या देखाव्यांत, रामनवमीला देवळात. वाळकेश्वरला तर बाण मारून जमिनीतून पाणी काढलं अशी कथा आहे आणि त्या पाण्याचा तलाव आजही बाणगंगा म्हणून नांदतो आहे. हातात मात्र धनुष्य घेतलेला माणूस क्वचित दिसतो. दादरला स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकात धनुर्विद्या शिकवतात, हे पार्काला रोज फेऱ्या मारणाऱ्या पुष्कळांच्या गावीही नसतं.

अर्जुनाची पक्ष्याच्या डोळ्याची गोष्ट आपल्याला शाळेतच पाठ होते. आदिपर्वात त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट येते, ती फारशी कुणी सांगत नाही. अर्जुनाला अंधारात जेवायला वाढू नकोस, असं द्रोणांनी स्वयंपाक्याला बजावून ठेवलं होतं. एका रात्री जेवता जेवता वाऱ्यानं दिवा विझला. अर्जुन जेवतच राहिला. घास चुकत नव्हता, हात आपोआप तोंडाशी जात होता. हाताला हे सवयीनं येत असेल तर बाणालाही यायला हवं, असं त्याच्या मनानं घेतलं आणि तो काळोखात धनुष्य ओढू लागला. रात्री दोरीचा टणत्कार ऐकून द्रोण उठून आले आणि त्यांनी त्याला मिठी मारली. पक्ष्याचा डोळा ही परीक्षा होती. तिचा अभ्यास या काळोखात झालेला होता. मला ही दुसरी गोष्ट अधिक जवळची वाटते, कारण तिच्यात लक्ष्यच नाही. तिच्यात फक्त एक माणूस आहे आणि त्याचा हात.

आजचे प्रशिक्षकही शिकाऊ पोरांना आधी लक्ष्याजवळ उभं करतात, दोन-तीन मीटरवर, आणि समोरचा रंगीत कागद काढून घेतात. नुसता गवताचा गठ्ठा समोर. मग म्हणतात, मीट डोळे आणि सोड बाण. जपानमध्ये क्यूदो नावाची धनुर्विद्या आहे, तिच्यात नवखा विद्यार्थी कितीतरी काळ एका धनुष्याच्या लांबीवर ठेवलेल्या गवताच्या भाऱ्यावरच बाण सोडत राहतो. वर्षानुवर्षं मुरलेले धनुर्धरही अधूनमधून त्याच भाऱ्यासमोर येऊन उभे राहतात.

यामागं साधं गणित आहे. पूर्ण ओढलेला बाण साधारण सत्तर सेंटिमीटरचा धरू. ओढणारा हात गालावर जिथं टेकायला हवा तिथून तो तीन मिलिमीटर खाली टेकला, तर बाणाचं तोंड तेवढ्यानं बदलतं. तीस मीटरवर हा फरक तेरा सेंटिमीटरचा होतो, सत्तर मीटरवर तीस सेंटिमीटरचा. ऑलिंपिकच्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ अवघं १२.२ सेंटिमीटर व्यासाचं. म्हणजे एका गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढी चूक झाली की तुम्ही तिथून हद्दपार. आणि माझ्या खोलीत? तीन-साडेतीन मीटरवर हीच चूक फार तर दीड सेंटिमीटर दिसते. सगळे बाण एकाच मुठीत येतील असे लागतात आणि बघणारा वाहवा करतो. जवळचं लक्ष्य असं तोंडदेखलं कौतुक करतं. म्हणून घरी बाण कुठं लागला हे बघायचंच नाही. तो सुटताना अंगात काय झालं तेवढं बघायचं. बाण तिरपा घुसला तरी त्यावरून निष्कर्ष काढू नये. लाकडी बाण धनुष्याच्या कडेनं वळसा घेत, लवत निघतो, सरळ व्हायला त्याला काही मीटर लागतात आणि बारा फुटांत तो अजून लवतच असतो.

आता अंगाकडे येऊ. पाय खांद्याइतके फाकलेले, भार दोन्ही तळव्यांवर सारखा. चाळीतल्या जुन्या शहाबादी फरशीच्या सांध्यावर मी दोन्ही पायांची बोटं लावतो, त्यामुळे रोज तोच कोन मिळतो. डाव्या हातात धनुष्य धरायचं असं म्हणतात, खरं तर ते धरायचंच नाही. अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या मांसल उंचवट्यावर त्याचा दाब घ्यायचा आणि बोटं सैल सोडायची. मूठ आवळली की मनगट वळतं आणि सुटताना धनुष्य एका बाजूला झटका घेतं. कोपर थोडं बाहेर फिरवायचं, नाहीतर सुटलेली दोरी हाताच्या आतल्या बाजूला सणकन बसते आणि निळा वळ आठवडाभर टिकतो. कातडी पट्टा बांधावा, पण पट्ट्यावर रोज फटके बसत असतील तर कोपर चुकतंय हे ओळखावं.

उजव्या हाताची तीन बोटं दोरीला पहिल्या पेरात अडकवायची, बादलीची कडी उचलतो तशी. तर्जनी बाणाच्या वर, दोन बोटं खाली. अंगठ्याला या पद्धतीत काही काम नाही. मोगल, तुर्क, मंगोल अंगठ्यानं दोरी ओढायचे आणि अंगठा सोलू नये म्हणून त्यात दगडाचं किंवा हाडाचं कडं घालायचे. एकलव्याकडून नेमका अंगठाच का मागितला असेल, हे ती कडी पाहिल्यावर मला जास्त बोचरेपणानं कळतं.

ओढणं दंडानं होत नाही. पंचवीस पाउंडांचं, म्हणजे साधारण अकरा किलोंचं धनुष्य पोरसवदा मुलगाही दंडाच्या ताकदीवर एकदा ओढील, दहाव्या वेळी त्याचा हात थरथरेल. ओढायचं पाठीनं. उजवा खांद्याचा पंखा मणक्याकडे सरकतो, कोपर मागं जाऊन बाणाच्या रेषेत येतं, आणि मग तो भार स्नायूंवरून हाडांवर उतरतो. हे एकदा जमलं की कळतं, त्याआधी कितीही वाचलं तरी कळत नाही. तर्जनीचं टोक ओठांच्या कोपऱ्याला लागलं की थांबायचं. पारंपरिक धनुष्याला नेम धरायची काडी नसते, भिंग नसतं. बंदुकीला मागची माशी असते, ते काम इथं तुमचा गाल करतो. म्हणून तो स्पर्श रोज तसाच, त्याच जागी, त्याच दाबानं व्हायला हवा. मी दाढी केल्यावर आणि न केल्यावर वेगळं वाटतं, इतकं ते बारीक आहे.

तिथं एक श्वास अर्धा सोडून थांबायचं. या थांबण्यातच धनुर्विद्येचं सुख आहे असं मला वाटतं. बाहेर डॉ. आंबेडकर रस्त्यावर बसचे भोंगे, गॅलरीत कुणाचा कुकर, खालच्या मजल्यावर ढोलाची तालीम, आणि आत दोन हात एकमेकांपासून दूर दूर जात आहेत, तरी काहीच हलत नाही. बाहेरून बघणाऱ्याला माणूस उभा दिसतो. आतून तो अजूनही ओढतच असतो. ओढणं थांबलं तर हात नकळत पुढं सरकतो आणि बाण पडतो. मग बोटं सैल पडतात. दोरी सोडायची नसते, ती जाते. उजवा हात गळ्यापाशी घासत कानामागं येऊन विसावतो आणि डावा हात बाण लागेपर्यंत आपली जागा सोडत नाही.

मैदानावर लक्ष्य दिसलं की काही जणांचा हात ऐन वेळी आपोआप सुटतो, ओढ पूर्ण व्हायच्या आधीच. तिरंदाज त्याला ‘टार्गेट पॅनिक’ म्हणतात. चांगल्या चांगल्यांना ते गाठतं. त्यावर सांगतात तो उपाय हाच: लक्ष्य काढा, जवळ या, डोळे मिटा.

शेजारच्या काकूंचा नातू कधी कधी उंबऱ्यात येऊन बसतो. मी बाण न लावता धनुष्य ओढतो, थांबतो, आणि तितक्याच सावकाश दोरी परत नेतो. एकदा तो वैतागून म्हणाला, “काका, सोडा की आता!” मी त्याला जवळ बोलावलं, त्याचा तळवा धनुष्याच्या पात्यावर ठेवला आणि दोरी ओढली. बांबू आतून ताणला जातो तो त्याच्या हाताला कळला. त्याला सांगितलं, ही सगळी ताकद बाण घेऊन जातो. बाण नसेल तर ती कुठं जाणार? बांबूतच. तो फुटेल, आणि फुटला तर आपल्या तोंडावर. “मग हळूच परत न्यायची?” त्यानं विचारलं. हो, आणि सोडण्यापेक्षा ते अवघड आहे. त्यानंतर तो रबरी पट्टा ओढून दाखवायला येतो. लहान मुलांनी आरशासमोर रबरी पट्ट्यानंच सुरुवात करावी. खांदा वर चढतो का ते आरसा लगेच सांगतो.

बाण लावतो तेव्हा दाराला कडी असते आणि घरात दुसरं कुणी नसतं. भिंतीला लागून चिंध्या आणि जुन्या साड्या ठासून भरलेलं पोतं, त्याच्या मागं चार पदरी गोधडी. गॅलरीत किंवा गच्चीवर बाण लावणं हा गुन्हा समजावा. आपल्या वस्तीत कुठल्या कोपऱ्यातून कोण येईल याचा नेम नसतो. पावसाळ्यात बांबूला जपावं लागतं. सराव संपला की दोरी उतरवायची, नाहीतर धनुष्याला कायमचा बाक येतो. कोरड्या फडक्यानं पुसून, जवसाच्या तेलाचा हात फिरवून ते दोन खुंट्यांवर आडवं ठेवायचं.

महाराष्ट्रानं या खेळात फार मोठं काम केलं आहे. ऑगस्ट २०२३मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कम्पाउंड प्रकारात साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी विश्वविजेते झाले. ओजसनं अंतिम फेरीत दीडशेपैकी दीडशे गुण घेतले. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला गेला. डहाणू-पालघरकडच्या वारली घरांतला तीरकामठा तर यापेक्षा कितीतरी जुना. मुंबईच्या या जुन्या भागातून अशी नावं का येऊ नयेत? जागा नाही, हे उत्तर मला पटत नाही. घरात सत्तर मीटर मिळणार नाहीत, कबूल. पण बंदिस्त जागेतली आंतरराष्ट्रीय स्पर्धा अठरा मीटरवरच होते, आणि लालबाग, परळ, गिरगावात मंडळांची सभागृहं आहेत, महापालिकेच्या शाळांचे हॉल आहेत, ते संध्याकाळी रिकामे असतात. मंडळांना माझी विनंती आहे: आठवड्यातली एक संध्याकाळ द्या, एका भिंतीला गवताचे गठ्ठे लावा, जाणता प्रशिक्षक बोलवा, आणि पहिले काही महिने मुलांना लक्ष्याचा कागद दाखवू नका.