आपांची वही

बोईसरला आमच्या लहानपणी ‘कॅसेट’चे दोन अर्थ होते. एक अब्बांच्या टू-इन-वनमध्ये जायची. तिच्यात कव्वाली नाहीतर किरअत. दुसरी टीव्ही गेममध्ये खोचायची, पिवळी, जाड. चालली नाही तर फुंकर मारायची. हिला कॅसेट म्हणणं गावंढळ, असं मुंबईचे चुलतभाऊ सांगत. आमचा गेम ज्याची नक्कल होता त्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या (१९८३) डबीला जपानी मुलंही ‘कासेत्तो’च म्हणत, हे फार पुढे वाचलं. भावांना आवर्जून कळवलं!

२००२ च्या सुमारास मामूंनी कीबोर्डवाला टीव्ही गेम आणला. त्यात बेसिक होतं. उर्दू शाळेत शिकणाऱ्या आम्हां भावंडांचा तोच पहिला कॉम्प्युटर. आम्ही पुस्तिकेतून वाचायचो, आपा टाइप करायच्या. चाळीसेक ओळी झाल्या की पडद्यावर एक चौकोन पळू लागे. मग वीज जाई. शेजारी तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते, पण भारनियमन राज्यभर होतं. लाइट आली की सगळं कोरं. आपांनी वही केली. ‘ओळ १२०, स्वल्पविराम विसरू नये’ अशा नोंदी तिच्यात आहेत.

जपानात यावर उपाय होता, तोही साध्या टेपरेकॉर्डरचा. निन्टेन्डोने १९८४ मध्ये फॅमिली बेसिक काढलं, तेव्हा कीबोर्डला टेप जोडायची सोय दिली. १९८३ च्या एमएसएक्स कॉम्प्युटरांवर तर विकतचे गेमही टेपवर मिळत. शून्यासाठी खालचा सूर, एकासाठी वरचा. सेकंदाला असे १२०० संकेत. बत्तीस किलोबाइटचा गेम चढायला पाचेक मिनिटं लागत, आणि आवाज कमी पडला किंवा हेड मळलेलं असलं की टेप गुंडाळून पुन्हा पहिल्यापासून. आमच्या घरी टू-इन-वन जपानीच होता, दोन हातांवर. नक्कल करणाऱ्याने मात्र तार जोडायची जागाच ठेवली नव्हती.

आणखी एक गोष्ट लागते. कुवेतच्या अल-आलमिया कंपनीने १९८० च्या दशकात याच एमएसएक्सवर ‘सख्र’ कॉम्प्युटर आणले, अरबी लिपीचे, उजवीकडून डावीकडे लिहिणारे. त्या काळात मोहल्ल्यातले कितीतरी चाचा आखातात होते. येताना टेप आणत, घड्याळं, ब्लँकेटं. आपली लिपी पडद्यावर उमटते हे कुणी येऊन सांगितलं असतं तरी आमच्या शाळेत केवढी गोष्ट झाली असती! बी.एड.च्या वर्गात आम्ही उर्दूचा पाठ हाताने लिहून झेरॉक्स काढत होतो.

दहावीनंतर आपांचं लग्न झालं. गणितात शाळेत पहिल्या होत्या. पुढचं कुणी विचारलं नाही. वही माहेरीच राहिली.

गेल्या मेच्या सुट्टीत पालघरच्या घरी आम्ही लॅपटॉपवर जुन्या फॅमिली बेसिकची नक्कल उतरवली आणि वहीतल्या ओळी थोड्या बदलून टाइप केल्या. चौकोन पळाला. भिवंडीला आपांना फोन लावून कळवलं. त्या क्षणभर गप्प राहिल्या.

“टेपवर घेतलंस ना?” त्यांनी विचारलं. “लाइट जायच्या आत घे.”