बावीस किलोमीटर अलीकडे

सायकल त्याची, घाम त्याचा, मेडलही त्याचंच. मग मागच्या गाडीत बसून आपण नेमकं करतो काय? पुणे ते सोलापूर, एका शनिवारी मिळालेलं उत्तर.

‘शनिवारी काय करतेयस?’ असा मेसेज आला की मी सावध होते. आयटीत सात वर्षं काढल्यावर या प्रश्नाचा अर्थ एकच, ‘रिलीज आहे, ये!’ पण या वेळी मेसेज पलीकडच्या क्युबिकलमधून आला होता. आमचा एक सहकारी पुणे ते सोलापूर सायकलने जाणार होता. अडीचशे किलोमीटर, एका दिवसात. ‘तू सोलापूरची. रस्ता तुला पाठ. क्रूला येशील?’

मी लगेच हो म्हटलं. खरं सांगू? माझ्या डोळ्यांसमोर एसी गाडी, आवडती गाणी, मधूनच खिडकीतून ‘कमॉन!’ असं ओरडणं आणि रात्री आईच्या हातची कडक भाकरी नि शेंगाचटणी एवढंच होतं. मस्त वीकएंड!

आपलं नाव छापायचं नाही, अशी त्याची अट आहे. म्हणून इथे त्याला त्याच्या छातीवरच्या नंबरानेच हाक मारू. एकोणीस.

हिशेब किलोमीटरचा

ही राईड होती विडी कामगार बायकांच्या मुलींच्या कॉलेज फीसाठी. चोवीस सायकलिस्ट. प्रत्येकाने आपापल्या ओळखीच्या लोकांकडून किलोमीटरमागे ठरावीक रक्कम कबूल करून घ्यायची. एकोणीसने ऑफिसभर फिरून किलोमीटरला पाचशे रुपये जमवले होते. सोलापूर गाठलं की सव्वा लाख. नावाला राईड, पण चोवीस जणांच्या मनात रेसच होती.

माझ्यासाठी हा हिशेब जरा जास्तच जवळचा होता. माझी आई विड्या वळायची, दिवसाला हजार. पानं भिजवायची, कात्रीने कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्याने बांधायची. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली उभी राहिली. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली, बाबांची नोकरी गेली, पण आईच्या मांडीवरचं सूप काही खाली उतरलं नाही. २००६ साली कुंभारीला विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली. दहा हजार घरांची! त्यातलं एक आमचं. आणि माझ्या सेकंड इयरची फी भरली होती मी कधीही न पाहिलेल्या कुणीतरी. तेव्हा एकोणीसचा प्रत्येक किलोमीटर मला हवा होता. त्याच्यापेक्षाही जास्त.

अंधारातले दोन दिवे

पहाटे साडेतीनला हडपसर सोडलं. पुढे एकोणीस, मागे आमची गाडी. स्टिअरिंगवर ड्रायव्हरमामा, मागच्या सीटवर ट्यूब, पंप, चेन ऑइल सांभाळणारा मेकॅनिक, आणि वही-पेन घेऊन मी. उजाडेपर्यंत पार्किंग लाइट लुकलुकत ठेवून त्याच्या मागे सरपटायचं. शेजारून उसाचे ट्रॅक्टर आणि खासगी बसगाड्या सूंऽऽ करून जातात, तेव्हा कळतं की ही गाडी सामान वाहायला नाही, त्याची पाठ राखायला आहे.

आणि गाणी? विसरा! दर तासाला वहीत लिहायचं : किती पाणी प्यायला, काय खाल्लं, लघवीला कधी थांबला. केळं, चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, ओआरएस. नुसतं पाणी ढोसलं तर अंगातलं मीठ पातळ होतं, तेही धोक्याचं. त्याला भूक नसली तरी घास द्यायचा. तो चिडला तरी ऐकून घ्यायचं. थोडक्यात, आई व्हायचं!

लोणी काळभोर, यवत मागे पडलं. तुकोबांची पालखी याच वाटेने जाते. दिंडीचा ट्रक पुढे जाऊन राहुट्या ठोकतो, चुली पेटवतो, पाण्याची सोय बघतो. लहानपणी मला चालणारेच दिसायचे. ट्रकवाले त्या पहाटे पहिल्यांदा आठवले.

सायकलच्या जगात मदतीचे नियम पक्के आहेत. ब्रेव्हे नावाच्या राईडमध्ये २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे असतात आणि बाहेरची मदत मिळते ती फक्त ठरलेल्या कंट्रोल पॉइंटवर. याच्या बरोब्बर उलट ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’. सुमारे ४,८०० किलोमीटर, आणि रात्री मागे गाडी नसेल तर सायकल चालवायलाच बंदी! २०१५मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या टीममध्ये ती नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी एकट्याने केली. ‘एकट्याने’ म्हणजे सायकलवर एकटे, बरं का. मागे दिवस-रात्र क्रू जागा होताच.

ऊन

कुरकुंभला उजाडलं. भिगवणला फ्लेमिंगो बघायला निघालेल्या गाड्यांनी आम्हाला हात केले. इंदापूर सुटलं, भीमेचा पूल आला, उजनीवरून आलेला गार वारा लागला आणि एकोणीस चक्क शीळ वाजवायला लागला. अकराला टेंभुर्णी. सगळं वेळेत!

पण सोलापूर जिल्ह्याचं ऊन पाहुण्याला आधी लाड करून दाखवतं, मग हिसका देतं. मार्चचा पहिलाच शनिवार, पण मोडनिंबनंतर रस्ता तव्यासारखा तापला. मोहोळच्या टपरीवर चहावाल्याने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाला, ‘काय करलालाव बे? डोक्यावर पाणी टाका की आधी!’ टाकलं. दहा मिनिटं बसवलं. तो हसून निघाला.

लांबोटीला सीना नदीच्या अलीकडे मी बाटली द्यायला उतरले. त्याच्या दंडाला हात लागला. कोरडा! इतका वेळ घामाने निथळणारा माणूस, आणि कातडी कोरडी, गरम. मी वही उघडली. टेंभुर्णीनंतर तीन बाटल्या पाणी, आणि लघवी एकदाही नाही.

‘कसं वाटतंय?’

‘एकदम फिट. मोहोळ अजून किती लांब आहे?’

मोहोळ मागे पडून पाऊण तास होत आला होता.

सोलापूर बावीस किलोमीटर. म्हणजे अकरा हजार रुपये. म्हणजे एका मुलीची बी.कॉम.ची वर्षाची फी. हा गुणाकार माझ्या डोक्यात झाला, हे मी लपवणार नाही. सेकंदभर मला असंही वाटलं की हळूहळू जाईल, तासा-दीड तासाचा तर प्रश्न आहे.

मग मी सायकलचं हँडल धरलं. ‘उतर.’

तो ओरडला. ‘तुझ्याच लोकांसाठी चाललंय ना हे?’ हे वाक्य मला लागलं, अजून लागतं. पण निघण्याआधी आमचं ठरलं होतं, थांबवायचा निर्णय क्रूचा. कारण डोकं तापलेल्या माणसाला आपलं डोकं तापलंय हे कळत नाही. मामांनी त्याला धरून झाडाखाली आडवं केलं. मेकॅनिकने काखेत आणि मानेला बर्फ लावला, मी ओला टॉवेल पसरून वारा घालत राहिले. वीस मिनिटांनी त्याने नीट नजर देऊन विचारलं, ‘लांबोटी का हे?’ मला रडूच आलं.

तिथून थेट सोलापुरातलं हॉस्पिटल. डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि म्हणाले, वेळेत आणलंत. एकोणीस भिंतीकडे तोंड करून झोपला. माझ्याशी एक शब्द नाही.

हजार विड्या

रात्री कुंभारीला घरी गेले. आईला सगळं सांगितलं, अकरा हजारांसकट. ती भाकरी थापत होती. म्हणाली, ‘एखाद्या दिवशी दोनशे विड्या कमी भरल्या तर दुसऱ्या दिवशी जास्त वळायचो गं आम्ही. हात शाबूत पाहिजेत.’

रविवारी सकाळी डबा घेऊन हॉस्पिटलमध्ये गेले. त्याने दोन भाकऱ्या खाल्ल्या, चटणी तिखट आहे म्हणाला. डिस्चार्ज मिळाल्यावर आम्ही सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसलो. बराच वेळ गप्पच. मग त्याने वही मागितली. टेंभुर्णीनंतरचं पान दोनदा वाचलं आणि परत दिली. ‘सॉरी’ वगैरे काही नाही.

पैशांचं काय झालं? बहुतेकांनी पूर्ण रक्कम दिली. तिघांनी दोनशे अठ्ठावीस किलोमीटरचीच दिली. त्यांचंही बरोबरच, ठरलं तसं ठरलं.

गेल्या आठवड्यात पलीकडच्या क्युबिकलमधून पुन्हा मेसेज आला. ‘जानेवारीत गड्ड्याची जत्रा असते ना? तेव्हा थंडी असेल. लांबोटीपासून नाही, हडपसरपासूनच. क्रूला तूच. बर्फ जास्त घे.’

क्रूला जाताय? मग एवढं कराच

* थांबवायचा निर्णय कोण घेणार, हे निघण्याआधीच सगळ्यांसमोर ठरवा.
* दर तासाची नोंद कागदावर ठेवा. आठवणीवर अजिबात विसंबू नका.
* बोलतं करा. ‘बरा आहेस ना?’ विचारू नका, ‘आत्ता कुठलं गाव गेलं?’ विचारा.
* उत्तर चुकलं, बोलणं बरळल्यासारखं वाटलं, कातडी कोरडी-गरम लागली, तर तिथेच थांबा. सावली, बर्फ, ओला टॉवेल आणि लगेच हॉस्पिटल.
* ड्रायव्हरला झोप मिळू द्या. राईडमधला तोही एक खेळाडूच आहे.