सुट्टी

गणपती बुडवून घरी आलो तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते. मी सातवीत होतो. अंगावरला गुलाल तसाच ठेवून आजीजवळ आडवा झालो.

पहाटं फळीवरला तांब्या खाली पडला. आजी म्हणाली, "मांजर आलं वाटतं." तेवढ्यात दावणीचे बैल उठून दावी ओढाय लागले अन् दादा ओरडले, "भायेर निघा, भुई हालायली!" माळवदाची माती अंथरुणावर भुरभुरत होती.

३० सप्टेंबर १९९३, गुरुवार. झरीत कुणाचं काही नुकसान झालं नव्हतं, शाळा नेहमीसारखी भरली. आमच्यासाठी ती गंमतच होती. प्रत्येकजण आपलाच किस्सा सांगायचा. मी तर भिंत कलली म्हणून ठोकून दिलं.

मधल्या सुट्टीनंतर गणिताचा तास होता. सर उमरग्याकडचे, गावात खोली करून राहायचे. फळ्यावर उदाहरण अर्धं झालं होतं, तेव्हा मुख्याध्यापक दारात आले. "पुन्हा धक्का बसंल म्हणतेत. लेकरांनो, घरी जा." मी ओरडलो, "सुट्टीऽऽ!" माझ्यामागं सगळा वर्ग.

मुख्याध्यापक सरांच्या कानाशी काहीतरी बोलले. सर आम्हाला रागावले नाहीत. त्यांनी फळा पुसला. तो नेहमी मॉनिटर पुसायचा. मग छत्री, पिशवी तिथंच ठेवून निघून गेले.

संध्याकाळी हॉटेलातल्या रेडिओवर किल्लारी, सास्तूर ही नावं ऐकली. सरांचं गाव सास्तूरच्या शेजारचं. मिळंल त्या ट्रकनं ते गेले होते म्हणे.

पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ते झालं होतं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तिथंही आमच्यासारखीच गणपती बोळवून दमून झोपलेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती, वर माळवद. गळू नये म्हणून दरसाल त्यावर मातीचा थर चढवायचा, आमची आजीही चढवायची. तोच भार अंगावर आला.

त्या रात्री दादांनी कुणालाच घरात झोपू दिलं नाही. पाऊस आला तेव्हा आम्ही बैलगाडीखाली बसलो. आजी एकसारखी माळवदाकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी घरोघरच्या भाकरी शाळेत गोळा झाल्या. मायनं ज्वारीच्या वीस थापल्या. मी त्या नेऊन दिल्या, पण सरांच्या वर्गाकडं गेलो नाही. त्यांची पिशवी अजून टेबलावरच होती, हे पोरांनी सांगितलं.

सर दिवाळीनंतर आले. डोक्यावर केस नुकते उगवत होते. त्यांची आई आणि भाऊ गेले, एवढंच आम्हाला कळलं होतं. हजेरी झाल्यावर त्यांनी विचारलं, "कुठवर आलो होतो आपण?"

कुणी बोललं नाही. माझ्या वहीत ते अर्धं उदाहरण तारखेसकट होतं. मी वही मिटून घेतली.