उन्हाची सवय

परभणीच्या माणसाला उन्हाचे भय नसते, असा आमच्याकडे एक समज आहे. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला, तरी मोंढ्यात बोलणे चालते ते तुरीच्या आणि हळदीच्या भावाचेच. मीही याच समजावर वाढलो आणि तो घेऊनच बँकेतून निवृत्त झालो. २०१८ च्या मे महिन्यात त्याची किंमत मोजली ती मात्र माझ्या वहिनींनी.

सुटीत मुलगा, सून आणि दोन नातवंडे पुण्याहून आली होती. सर्वांनी मांगीतुंगीची यात्रा करावी, हा बेत माझाच. रात्री परभणीहून निघायचे आणि पहाटे पाचला चढायला लागायचे, असे ठरले होते. लहानपणी आजी आम्हाला जिंतूरच्या नेमगिरीला नेई, ती तारे मावळायच्या आत. ऊन तापायला लागण्यापूर्वी आम्ही खाली उतरलेले असू. ती तर लहानशी टेकडी. येथे हजारो पायऱ्या होत्या आणि वाटेत चहा, पुढे आंघोळी, पूजेची तयारी असे करता करता पहिल्या पायरीवर पाऊल पडले तेव्हा साडेनऊ वाजले होते. सुनेने विचारले, "बाबा, आज राहून उद्या पहाटे गेलो तर?" मी हसून म्हणालो, "आपण परभणीचे आहोत." तिचे माहेर कोल्हापूरचे, ती गप्प राहिली.

सात माणसांसाठी पाण्याच्या चार बाटल्या होत्या. २५ टक्के मार्जिन असल्याखेरीज कर्जाच्या कागदावर सही न करणारा मी, पाण्याचा हिशेब मात्र केला नव्हता. वहिनींचे वय तेव्हा ६७. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती आणि दर्शनाआधी पाणी घ्यायचे नाही, हा त्यांचा जुना नियम.

अकराच्या सुमारास पायऱ्यांचा दगड अनवाणी पायांना सोसेनासा झाला. धाकट्या नातवाला उलटी झाली. आम्ही त्याच्याभोवती गोळा झालो असताना वहिनी मागे एका पायरीवर बसल्या. माझ्या मुलाकडे पाहून त्यांनी दादांना नावाने हाक मारली. दादा जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती आणि ते हयात असताना उखाण्याखेरीज ते नाव त्यांच्या तोंडी कधी आले नव्हते. माझ्या पोटात गोळा आला.

सुनेने आपली ओढणी भिजवली, उरलेले सगळे पाणी वहिनींच्या डोक्यावर, मानेवर, काखेत ओतले आणि मुलाला वारा घालायला सांगितले. मी बाटली त्यांच्या तोंडाला लावू लागलो, तर तिने माझा हात धरला. शुद्ध हरपत असलेल्या माणसाला पाणी पाजले तर ते श्वासनलिकेत जाऊ शकते, हे तिला ठाऊक होते, मला नव्हते. डोलीवाल्यांनी त्यांना खाली आणले. डॉक्टर म्हणाले, हा उष्माघात आहे. पायरीवरच अंग थंड केले म्हणून निभावले. तीन दिवसांनी वहिनी घरी आल्या. मला त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत.

पुढे मी या विषयावर बरेच वाचले. हवा अंगापेक्षा गरम झाली की शरीराला थंड होण्याचा एकच मार्ग उरतो, घाम वाळण्याचा. चढताना तासाला लिटरभर किंवा अधिक पाणी घामातून जाऊ शकते, आणि स्नायूंची स्वतःची उष्णता वेगळीच. हवा दमट असेल तर घाम वाळतच नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर दुपारी उघड्या मैदानावर झाला. तापमान ३८ अंशांच्या आसपास होते; परभणीत त्याला कोणी ऊन म्हणणार नाही. तेथे १४ माणसे गेली आणि त्यांना कोणता डोंगरही चढायचा नव्हता. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात तर आई, वडील, एक वर्षाची मुलगी आणि त्यांचा कुत्रा असे सारे कुटुंबच डोंगरवाटेवर मृत सापडले. जवळ अडीच लिटरची पाण्याची पिशवी होती, रिकामी. मोबाईलला रेंज नव्हती.

आमची उन्हाची सवय म्हणजे काय, याचाही मी विचार केला. अकरानंतर परभणीचा माणूस सावली सोडत नाही. दुकानाचे शटर अर्धे खाली, वर पंखा, बाजूला माठ. आम्हाला सवय आहे ती ऊन टाळण्याची, आणि तिलाच आम्ही ऊन सोसण्याची ताकद समजत आलो. पुण्यात वाढलेल्या नातवंडांना तर तीही नव्हती. शरीराला खऱ्या अर्थाने उन्हाशी जुळवून घ्यायला आठ-पंधरा दिवस लागतात. आम्ही एका रात्रीत गाडीतून उतरलो होतो.

वहिनींच्या नियमाला दोष देणारेही घरात निघाले. मला ते पटले नाही. पहाटे पाचला निघालो असतो तर ऊन चढण्याआधी दर्शन होऊन त्यांनी पाणी घेतले असते. नियम त्यांचा होता, साडेनऊची वेळ माझी होती.

पुढच्या जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. या वेळी आदल्या दुपारीच पायथ्याशी मुक्काम केला. पहाटे अंधारातच वहिनींची डोली निघाली, मागे आम्ही. थंडी इतकी होती की नातू शाल सोडेना. वहिनींनी डोलीतून मागे वळून विचारले, "भाऊजी, पाणी किती घेतलेत?"

"चौदा लिटर," मी म्हणालो.